एवढं एक पाकीट नेशील का?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की परदेशी जाताना दुसऱ्याचं पाकीट बॅगेत घेऊ नका, सख्ख्या माणसाचं असलं तरी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळी बाकीचे विषय बाजूलाच ठेवलेत, वारसाहक्क आणि सोसायटीची भांडणं पुढच्या अंकात नक्की घेते. मी मुंबईच्या सेशन्स कोर्टात बरीच वर्षं एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या केसेस चालवतेय आणि माझे बहुतेक अशील धंद्यातले मोठे मासे कधीच नव्हते, बॅग उचलणारी माणसं होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, माझा मुलगा २२ वर्षांचा, बीकॉम झालाय, सध्या घरीच आहे. त्याच्या जिममधला एक मित्र त्याला पाच दिवसांची थायलंड ट्रिप फुकट देतोय, विमान, हॉटेल सगळं, फक्त येताना एक बॅग आणायची, वर त्याचे चाळीस हजार मिळणार. बॅगेत चॉकलेटं आणि कॉस्मेटिक्स असतात, ड्युटी वाचवायला अशी माणसं पाठवतात म्हणे. मुलगा म्हणतो आई तू उगाच घाबरतेस. मी उगाच घाबरतेय का? (एक आई, सांगली)

उत्तर: अजिबात उगाच नाही. तुम्ही मुलासोबत बसून फक्त हिशोब करा. विमानाचं जाऊन येऊन तिकीट, पाच दिवसांचं हॉटेल, खाणंपिणं, वर चाळीस हजार, एवढा खर्च भरून निघून समोरच्याला नफा व्हायला एका बॅगेत किती रुपयांची चॉकलेटं बसायला हवीत? बसतच नाहीत. म्हणजे बॅगेत जे आहे ते चॉकलेटपेक्षा कितीतरी महाग आहे आणि ते स्वतः घेऊन यायला मालक तयार नाही.

थायलंडचीच बॅग का, तेही सांगते. तिथल्या सरकारने जून २०२२ मधे गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकानं निघाली, मग जून २०२५ मधे पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही असा नियम आला. पण मधल्या काळात बंद खोल्यांमधे, मातीशिवाय, दिव्यांखाली वाढवलेला भारी गांजा तिथे प्रचंड पिकायला लागला, पेपरवाले ज्याला हायड्रोपोनिक वीड म्हणतात तोच, आणि २०२४ पासून मुंबई एअरपोर्टवर बँकॉक नाहीतर फुकेतहून आलेल्या प्रवाशांकडे हा माल सापडल्याच्या बातम्या थांबतच नाहीयेत. हवा काढून सील केलेली पाकिटं, खाऊच्या आणि कॉस्मेटिक्सच्या डब्यांत. पकडली जातात ती आपल्याकडचीच पोरं असतात, बरीचशी पहिल्यांदाच परदेशी गेलेली.

कायदा काय म्हणतो ते मुलाला वाचून दाखवा. वीस किलोच्या वर गांजा म्हणजे व्यापारी प्रमाण, कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंड १ ते २ लाख. एक किलोच्या वर आणि वीसपर्यंत असेल तर १० वर्षांपर्यंत. आणि हे गांजाचं झालं, बॅगेत दुसरं काही घातलं असेल तर आकडे एकदम खाली येतात, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम म्हणजे पाव किलो, कोकेन १०० ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) फक्त ५० ग्रॅम, एवढ्यावर व्यापारी प्रमाण सुरू. व्यापारी प्रमाण लागलं की कलम ३७ आडवं येतं, कोर्टाला आधी वाटावं लागतं की हा माणूस दोषी नसावा आणि बाहेर जाऊन पुन्हा असं करणार नाही, तेव्हा कुठे जामीन. केस चालायला वर्षं लागतात आणि ती वर्षं आत काढावी लागतात.

‘मला माहीत नव्हतं’ हे मी पण रोज ऐकते आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण नेहमीच्या फौजदारी केसमधे गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं ना, इथे कलम ३५ आणि ५४ मुळे माल तुझ्या ताब्यात सापडला म्हणजे तुला ठाऊक होतं असं कोर्ट धरून चालतं आणि ठाऊक नव्हतं हे तुला सिद्ध करायचं असतं, तेही संशयाला जागा न ठेवता. बॅगेच्या टॅगवर नाव तुझं, पासपोर्ट तुझा, सीसीटीव्हीत बॅग ओढणारा तू. जिममधला मित्र कुठल्याच कागदावर नाही.

अजून एक, माझ्या दोन अशिलांची पहिली खेप खरोखर कपड्यांची आणि चॉकलेटांची होती. कस्टम्समधून सुखरूप बाहेर आले, पैसे मिळाले, भीती गेली, आणि दुसऱ्या खेपेला पकडले गेले. म्हणून ‘तो आधी एकदा जाऊन आलाय, काही झालं नाही’ हे कारण मुलगा पुढे करेल तर तेच सगळ्यात धोक्याचं समजा.

त्याच्यावर ओरडू नका. एवढंच विचारायला सांगा मित्राला, की तू स्वतः का नाही आणत? आणि फोन करावासा वाटला तर १९३३ हा एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या, मानस हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे, नाव गुप्त ठेवून माहिती देता येते.

प्रश्न: आम्ही दोघं मे महिन्यात दुबईला चाललोय. शेजारच्या मावशी म्हणतात माझ्या भावाला एवढं एक पाकीट नेशील का, मसाले आणि पापड आहेत. वीस वर्षांचा शेजार आहे, आमच्या मुलाला त्यांनी सांभाळलंय. नाही कसं म्हणायचं? इतका संशय घेत जगायचं का माणसाने? (डोंबिवली)

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण मावशींच्या पाकिटात बहुतेक खरंच मसाले आणि पापडच असतील. पण तुमच्यासारख्याच एका जोडप्याचं काय झालं ते सांगते.

मुंबईचं एक जोडपं जुलै २०१९ मधे कतारला गेलं. नवऱ्याच्या नात्यातल्या एका बाईंनी हनिमूनची भेट म्हणून ती ट्रिप दिली होती. बायको गरोदर होती. जाताना त्या बाईंनी एक पाकीट दिलं, जर्दा आहे, तिकडे एकाला द्यायचाय म्हणून. दोहा एअरपोर्टवर बॅगेत चार किलोच्या वर चरस निघाला. दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी जेलमधेच जन्मली. इकडे मुंबईत बायकोच्या वडिलांनी हार मानली नाही, एनसीबीकडे तक्रार दिली, तपास झाला, पाकीट देणाऱ्यांना अटक झाली, जर्दा म्हणून सांगितलेलं फोनवरचं बोलणं पुराव्यात आलं, ते सगळं भारत सरकारमार्फत कतारला पोचलं आणि वरच्या कोर्टाने केस पुन्हा ऐकायला लावली. एप्रिल २०२१ मधे दोघं लहानगीला घेऊन घरी आले. जवळजवळ पावणेदोन वर्षं. आणि हे सुटले ते नशीबवान, कारण बाहेर लढणारा बाप होता आणि फोनमधे पुरावा शिल्लक होता.

दुसरी केस एप्रिल २०२३ ची, शारजाची. मुंबईतल्या एका तरुण अभिनेत्रीला ऑडिशन आहे म्हणून पाठवलं, सोबत शूटिंगला लागणार म्हणून एक ट्रॉफी दिली आणि त्या ट्रॉफीत ड्रग्ज निघाले. मुंबई क्राइम ब्रँचने सांगितलं की तिच्या आईशी झालेल्या भांडणाचा सूड म्हणून एका ओळखीच्या माणसाने हे घडवलं. म्हणजे इथे तर धंदा पण नव्हता, नुसता राग होता.

बॅगेचा चोरकप्पा वगैरे लोकांना फार मोठी गोष्ट वाटते. मला विचाराल तर माल लपवायची सगळ्यात पक्की जागा म्हणजे नातं. आत्याने दिलं, सरांनी दिलं, शेजारच्या मावशींनी दिलं म्हणून आपण पाकीट उघडून बघत नाही, कारण उघडून बघणं म्हणजे अपमान. मावशी स्वतः निर्मळ असतील हो, पण ते पाकीट त्यांनीच भरलंय की त्यांच्याकडे दुसऱ्या कुणी आणून दिलंय?

नाही कसं म्हणायचं, तर खोटं बोलावंच लागत नाही. चेक-इनला विचारतात, सामान तुम्हीच भरलंय का, दुसऱ्या कुणाचं काही आहे का. मावशींना सांगा की असं विचारतात आणि मला खोटं उत्तर देता येणार नाही. एवढ्यावर वाईट वाटलं तर सांगा, सामानाची यादी द्या, तेच मसाले आणि पापड मी माझ्या हाताने बाजारातून आणून माझ्या हाताने भरून नेते. मी माझ्या सख्ख्या जावेला हेच सांगितलंय. आठवडाभर बोलली नाही, मग बोलायला लागली.

प्रश्न: लेकीचं बाळंतपण करायला अबू धाबीला जायचंय. डिंकाचे लाडू, अनारसे आणि घरचा मसाला नेणार आहे. ह्यांच्या पाठीच्या गोळ्या पण न्यायच्या आहेत, डॉक्टरांनी दिलेल्या आहेत. यात काही अडचण नाही ना? (नाशिक)

उत्तर: आहे, आणि बरं झालं विचारलंत. खसखस. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते म्हणून आपल्या डोक्यातही येत नाही, पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि युएई, सौदी, सिंगापूर या देशांत ती न्यायला बंदी आहे. त्या बियांना मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो म्हणून. डिंकाच्या लाडवात असते, अनारशाला लावलेली असते, आणि घरचा गोडा मसाला, कांदा लसूण मसाला, मालवणी मसाला यातही बहुतेक घरांत पडते. लाडू खसखस न घालता करा, अनारशाला तीळ लावा, उत्तरेकडे तीळच लावतात. मसाला तिकडच्या दुकानातून घ्या.

गोळ्यांचं जास्त गंभीर आहे. पाठदुखीच्या गोळ्यांत ट्रामाडॉल असेल, खोकल्याच्या औषधात कोडीन असेल, झोपेच्या गोळीत अल्प्राझोलाम असेल, तर युएईत हे नियंत्रित औषध आहे आणि जायच्या आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ट्रामाडॉल तर २०१८ पासून आपल्याकडे पण एनडीपीएसमधे आहे. गोळ्या मूळ स्ट्रिपमधेच ठेवा, डबीत सुट्या भरू नका, डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत, आणि राहण्याच्या दिवसांपुरत्याच घ्या. आयुर्वेदिक दुकानातले ‘विजया’ लिहिलेले थेंब किंवा तेल अजिबात नको, विजया म्हणजे भांग.

प्रश्न: दुसऱ्याचं काही घेतलंच नाही, बॅग पूर्ण आपली, तरी माणूस अडकू शकतो का? (अकोला)

उत्तर: क्वचित, पण हो. मार्च २०२३ मधे ब्राझीलच्या दोन बायका जर्मनीत फ्रँकफर्टला उतरल्या आणि त्यांच्या नावाच्या टॅगच्या बॅगांत सुमारे ४० किलो कोकेन निघालं. बॅगा त्यांच्या नव्हत्याच. साओ पावलोच्या ग्वारुल्योस एअरपोर्टवर सामान हाताळणाऱ्यांनी त्यांच्या बॅगांचे टॅग काढून कोकेनच्या बॅगांना लावले होते. तिथल्या पोलिसांनी सीसीटीव्ही शोधून काढलं तेव्हा ३८ दिवसांनी त्या सुटल्या. म्हणून काउंटरवर बॅग देताना टॅगसकट फोटो काढा, वजन लिहिलेली पावती जपून ठेवा, बॅगेवर रंगीत रिबन बांधा आणि बेल्टवरून उचलताना कुलूप बघा. संशय आला तर बॅगेला हात न लावता तिथल्या तिथे अधिकाऱ्याला बोलवा. एक मिनिटाचं काम आहे.

प्रश्न: मॅम, मी लॉ सेकंड इयरला आहे. एअरपोर्टवर एका बाईच्या चपलेतलं कोकेन सापडतं पण कंटेनरच्या कंटेनर आत येतात ते कसे? आणि त्यांचे मालक का सापडत नाहीत? (लातूर)

उत्तर: हा प्रश्न तू विचारलास याचा मला आनंद झाला कारण माझी सगळी चीड इथेच आहे.

सप्टेंबर २०२१ मधे गुजरातच्या मुंद्रा बंदरात डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, दोन कंटेनर उघडले. कागदावर काय होतं, तर टाल्क, म्हणजे पावडर बनवतात तो दगड. माल अफगाणिस्तानचा, जहाजात चढवला इराणच्या बंदर अब्बासला, आयात करणारी कंपनी आंध्रातल्या विजयवाड्याची. आत निघालं २९८८ किलो हेरॉइन. व्यापारी प्रमाण पाव किलोला सुरू होतं हे वर लिहिलंय, तूच भागाकार कर.

आपल्या न्हावा शेवालाही असंच. ऑगस्ट २०२० मधे १९१ किलो हेरॉइन मिळालं, बांबूसारख्या रंगवलेल्या पाइपांत भरलेलं आणि कागदावर आयुर्वेदिक औषध. सप्टेंबर २०२२ मधे दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने तिथलाच एक कंटेनर पकडला, त्यात वीस टनांहून जास्त ज्येष्ठमध होतं आणि त्या ज्येष्ठमधावरच हेरॉइनचा थर चढवलेला, किंमत सांगितली १७२५ कोटी. घसा बसला की आपण जी काडी चघळतो तीच. त्याच महिन्याच्या शेवटी वाशीला परदेशी संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथ नावाचं ड्रग आणि ९ किलो कोकेन निघालं आणि पाठोपाठ न्हावा शेवाला हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधे ५० किलो कोकेन.

कसं येतं, तर बंदरावर प्रत्येक कंटेनर उघडला तर देशाचा व्यापार ठप्प होईल. म्हणून कागदपत्रं, कुठून आलाय, कोण आयात करतंय यावरून जोखीम ठरवतात आणि थोडेच कंटेनर उघडतात, ते पण बरेचदा आतल्या खबरीवर. आणि मालक का सापडत नाही, तर कागदावर जो आयातदार असतो तो पुष्कळदा नुसतं नाव आणि लायसन्स भाड्याने देणारा असतो. म्हणजे बघ, तो पण कुरिअरच झाला, फक्त बॅगेऐवजी जीएसटी नंबर उचलणारा.

आणि सगळं बाहेरूनच येतं असंही समजू नकोस. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पोरं ज्याला म्याऊ म्याऊ म्हणतात, ते आपल्याकडेच बनतं. २०१५ मधे ते एनडीपीएसच्या यादीत आलं. २०२३ मधे नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला, फेब्रुवारी २०२४ मधे पुण्याजवळ कुरकुंभ एमआयडीसीत. हद्द ओलांडून माल फक्त आत येतो असं नाही, बाहेर पण जातो.

पिकाचं पण बदलतंय. एप्रिल २०२२ मधे अफगाणिस्तानात तालिबानने अफूच्या (हेरॉइन जिच्यापासून बनतं तिच्या) शेतीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तिथली लागवड संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत ९५ टक्क्यांनी घटली, २०२३ मधे अफूत म्यानमार पहिल्या नंबरवर आला. म्हणजे आपल्यासाठी दार पश्चिमेचं होतं तसं आता पूर्वेचं पण. तू या विषयावर प्रोजेक्ट करणार असशील तर मुंद्रा केसचे हायकोर्टातले जामिनाचे निकाल काढून वाच, आणि त्याच्या शेजारी एअरपोर्टवर पकडलेल्या एखाद्या बाईच्या जामिनाचा निकाल ठेव.

प्रश्न: मी सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. पोटात कॅप्सूल गिळून आलेले पेशंट पोलीस घेऊन येतात. आमचं कर्तव्य आधी कुणाशी, पोलिसांशी की पेशंटशी? (मुंबई)

उत्तर: पेशंटशी, सिस्टर. कस्टम्स कायद्याच्या कलम १०३ मधेच एक्स-रेसाठी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल असं लिहिलंय, (माणूस स्वतः तयार असेल तर गोष्ट वेगळी), म्हणजे शरीर हे बॅग नाही हे कायद्यालाही मान्य आहे. कोकेनची एक कॅप्सूल फुटली तर मिनिटांत झटके येऊन माणूस जाऊ शकतो आणि बहुतेक वेळा ऑपरेशन हाच उपाय उरतो, हेरॉइनची फुटली तर श्वास मंदावतो आणि नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध हाताशी लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्याकडून एवढंच हवंय की पेशंटला त्याच्या भाषेत कळेल असं सांगा, किती गिळल्यात आणि काय गिळलंय ते खरं सांग म्हणजे वाचशील. माझी एक आफ्रिकन अशील भायखळ्याच्या जेलमधे मला म्हणाली होती की विमानात दहा तास पाण्याचा घोट पण घेतला नाही, पोटातलं फुटेल या भीतीने, आणि डोळ्यांसमोर फक्त तिच्या मुलाच्या शाळेची फी होती. तिने सांगितलेली पहिली खरी गोष्ट तिने एका नर्सला सांगितली होती.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ आखातात ड्रायव्हर आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला एअरपोर्टवर पकडलं, बॅगेत कुणीतरी दिलेलं पाकीट होतं. कंपनी हात वर करतेय. आम्ही शेतकरी माणसं, कुठे जायचं? (बीड)

उत्तर: दादा, आधी हे करा. परराष्ट्र खात्याचं मदद नावाचं पोर्टल आहे, तिथे आजच तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलायचा हक्क आहे, भावाने तो मागायला हवा, अरबी येत नसेल तर दुभाषा पण मागायला हवा, आणि न वाचता कशावर सही करू नको असा निरोप वकिलातीमार्फत पोचवा.

आणि दुसरी गोष्ट, जी घरचे लोक घाबरून करत नाहीत. पाकीट देणारा माणूस इकडे असेल तर त्याच्याविरुद्ध इकडे तक्रार द्या, एनसीबीकडे आणि पोलिसांत दोन्हीकडे, लेखी, पोच घेऊन. वर कतारची केस वाचा, ती याच वाटेने सुटली. फिलिपिन्सची मेरी जेन वेलोसो, घरकामाला जायचं म्हणून निघाली होती, एप्रिल २०१० मधे इंडोनेशियात तिच्या सूटकेसमधे २.६ किलो हेरॉइन सापडलं आणि मृत्युदंडाची शिक्षा झाली. एप्रिल २०१५ मधे गोळ्या घालायच्या अगदी तोंडावर तिची शिक्षा थांबली कारण तिला पाठवणारी बाई मायदेशी पोलिसांत हजर झाली होती. त्या रात्री बाकीच्या आठ जणांना गोळ्या घातल्या. ती डिसेंबर २०२४ मधे मायदेशी परतली. पाठवणारा पकडला जाणं हाच पाठवलेल्याचा पुरावा असतो.

सगळीकडे एवढी दया नाही हे पण खरं. सिंगापूरला १५ ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन असलं की फाशी. एप्रिल २०२२ मधे त्यांनी नागेंद्रन धर्मलिंगम नावाच्या मलेशियन तमिळ माणसाला फाशी दिली, ४२.७२ ग्रॅमसाठी, त्याचा बुद्ध्यांक ६९ होता आणि जगभरातून विनंत्या गेल्या होत्या. मला तो निकाल आजही पचत नाही.

तुमच्या भावाला शिक्षा झालीच तर भारताचा २००३ चा कैदी हस्तांतरण कायदा आहे, ज्या देशाशी आपला करार आहे तिथली उरलेली शिक्षा भारतात भोगता येते. तोपर्यंत त्याचा फोन, मेसेज, तिकीट कुणी काढलं ते, पैसे कुणी पाठवले ते, सगळं जपा. त्याचा जुना फोन घरी असेल तर रिसेट करू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. मला फोन आला की माझ्या आधारवर तैवानला पार्सल गेलंय, त्यात एमडीएमए नावाचं ड्रग सापडलंय, मुंबई कस्टम्समधून बोलतोय. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस होता. मला ‘डिजिटल अरेस्ट’ केलं म्हणाले आणि दोन दिवस घराबाहेर पडू दिलं नाही. एफडी मोडायला बँकेत गेलो तेव्हा तिथल्या मुलीने थांबवलं. मी खरंच कशात अडकलोय का? (सातारा)

उत्तर: नाही गुरुजी, कशातही नाही. डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. कस्टम्स, एनसीबी, पोलीस कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि ‘व्हेरिफिकेशनसाठी’ पैसे तर मागतच नाही. खरी नोटीस लेखी येते. या लोकांनी खऱ्या कायद्याच्या धाकाचा धंदा केलाय. पैसे गेले नसले तरी १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा, म्हणजे तो नंबर बंद करता येईल, आणि बँकेतल्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. दोन दिवस तुम्ही घरात एकटे घाबरून बसलात आणि कुणाला बोलला नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा, लाज वाटू देऊ नका.

प्रश्न: ताई मी २४ वर्षांची आहे, नाव लिहीत नाही. मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून एक बॅग आणली. काय होतं मला तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलंय. परत फोन येतोय, नाही म्हटलं तर तुझं आधीचं सांगू म्हणतात. मी काय करू? (गाव लिहिलेलं नाही)

उत्तर: बाळ, तू जायचं नाहीस. धमकी काहीही असो. आधीचं सांगायचं तर त्यांना स्वतःचं पण सांगावं लागेल, ते कुठेही जाणार नाहीत. पण एकदा गेलीस आणि पकडली गेलीस तर ‘मला माहीत नव्हतं’ हे एक वाक्य जे आज तुझ्याकडे आहे ते पण उरणार नाही.

एकटीने एनसीबीच्या किंवा पोलिसांच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून देऊ नकोस. ऑक्टोबर २०२० मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एनडीपीएसच्या अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण तरी त्यातून तुला त्रास होऊ शकतो, आणि कलम ६४ खाली खरी माहिती देणाऱ्याला सरकार माफी देऊ शकतं, तेही आहे, फक्त ते सरकारच्या मर्जीवर असतं आणि लेखी ठरवून घ्यावं लागतं. यासाठीच आधी वकील. पैसे नसतील तर १५१०० वर फोन कर, विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, बाईला वकील फुकट मिळतो, कमाई किती हे बघत नाहीत. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही.

फोन उचलू नकोस, पण नंबर, मेसेज, तिकिटाचा मेल, पैसे आलेल्या खात्याची एंट्री यातलं काहीच पुसू नकोस. पासपोर्ट आई-बाबांकडे किंवा ज्या एका माणसावर तुझा विश्वास आहे त्याच्याकडे दे आणि त्याला खरं सांग, रात्रभर एकटी जागत बसू नकोस. मासिकाच्या पत्त्यावर ‘वकीलताईंसाठी, खासगी’ असं लिहून पाठव, फोन नंबर टाक, पाकीट दुसरं कुणी उघडणार नाही. मी स्वतः फोन करेन.